सेंट्रिंगचं भाडं जातं कुठं?

"सर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ बांधकामाचे ठेके घेतो आणि त्याचा हिशेब मी बघते. अंबाजोगाईजवळ एका मुलींच्या वसतिगृहाचं काम चालू आहे. तळमजला आणि वर दोन मजले, मजल्याला २,४०० चौरस फूट. स्लॅब पाच इंची, सिमेंट पीपीसी. मजल्यावर ११ फूट ४ इंच बाय ९ फूट ८ इंचाच्या आठ खोल्या, एक १६ फुटी हॉल आणि पुढे गॅलरी आहे. पोर्च अजून बाकी आहे. पहिला स्लॅब ऑक्टोबरात टाकला, पुढचा डिसेंबरात आहे. काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला पेलणारं सेंट्रिंग, म्हणजे प्लेटा, त्याखालचे टेकू म्हणजे जॅक आणि आडवे स्पॅन, सगळं भाड्याचं, रोजचे १,६०० रुपये. आम्ही २२ दिवसांचे ३५,२०० धरले होते. माल ४० दिवस अडकला आणि ६४,००० गेले. ठेका ठरलेल्या रकमेचा आहे, मालक वाढवून देणार नाही. भाऊ म्हणतो, पुढच्या स्लॅबला ६० जॅक कमी लावू आणि आठव्या दिवशी सगळं खोलून टाकू. मिस्त्री म्हणतो, प्लेटा परत करून फळ्या वापरू. मी काही बोलले की 'तुला साइटवरचं काय कळतं' म्हणून गप्प करतात. मला मात्र रात्रीची झोप लागत नाही. इंजिनिअर महिन्यातून एकदाच येतात. वहीचं पान, भाड्याचं बिल आणि नकाशा सोबत पाठवते. पैसे कुठे वाचवावेत?"
एक वाचक, ता. अंबाजोगाई, जि. बीड

ताई, तुमचं पत्र एकदा वाचलं आणि वहीचं पान तीनदा. बांधकामावर माझं आयुष्य गेलं, पण शेऱ्याच्या रकान्यात रोजच्या रोज 'आज काम का थांबलं' हे लिहून ठेवणारं माणूस मला फार कमी वेळा भेटलं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या रकान्यातच आहे.

माल गाडीतून उतरला तिथपासून स्लॅब टाकेपर्यंत २४ दिवस गेले. तुमच्याच अक्षरातले शेरे मी मोजले. सळई कमी पडली, ६ दिवस. वाळूची गाडी आली नाही, ५ दिवस. पाइप टाकायला इलेक्ट्रिशियन आला नाही, ४ दिवस. पाऊस, २ दिवस. म्हणजे प्रत्यक्ष ठोकाठोकी आणि सळई बांधणं ७ दिवसांत झालं आणि १७ दिवस प्लेटा नुसत्या उभ्या राहिल्या. सतरा दिवसांचं भाडं होतं २७,२०० रुपये. अंदाजापेक्षा जास्त गेले २८,८००. हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहा आणि भावापुढे ठेवा. तोंडाने काही बोलू नका. साइटवरचं तुम्हाला काय कळतं, ते त्याला तिथेच दिसेल.

आता त्याचा जॅकचा हिशेब करू. तुमच्या बिलात एका जॅकला रोजचे २ रुपये लागलेत. साठ जॅक कमी केले तर दिवसाला १२० रुपये, २२ दिवसांचे २,६४०. एवढ्या पैशांसाठी काय पणाला लागतं तेही बघा. पाच इंची ओला स्लॅब चौरस फुटाला जवळजवळ ३० किलो भरतो. तुमचा २,४०० फुटांचा स्लॅब बीम न धरता ७० टनांच्या घरात जातो. उसाने भरलेले चार-पाच ट्रक त्या जॅकवर उभे करण्यासारखं आहे ते. तीन-तीन फुटांवर जॅक असेल तर एकेकावर नुसतं काँक्रीटच अडीचशे किलोच्या वर येतं. त्यावर प्लेटा, माणसं, व्हायब्रेटर आणि एकाच जागी ओतलेला ढीग. मधला एक जॅक काढला की त्याचं वजन शेजाऱ्यांवर जातं. शेजारचा जॅक जरा तिरका असला, किंवा त्यात पिनेच्या जागी सळईचा तुकडा घातलेला असला, तर तो आधी वाकतो, आणि एक वाकला की रांग जाते. खाली माणसं असतात, ताई. जॅकची संख्या हा वाटाघाटीचा विषयच करू नका. ती इंजिनिअरने सांगायची आणि आपण मोजून घ्यायची.

आठव्या दिवशी खोलण्याची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण भावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकात, सन २००० च्या आवृत्तीत, सेंट्रिंग कधी काढायचं याचे दिवस दिलेले आहेत. कॉलम आणि बीमच्या उभ्या बाजू १६ ते २४ तासांनी सुटतात. स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठा असेल तर १४ दिवसांनी. बीमचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवसांनी आणि पुढे २१ दिवसांनी. भावाने यातला सात दिवसांचा आकडा कुठेतरी ऐकलेला असणार. तुमच्या खोल्यांचा गाळा पावणेदहा फुटांच्या आत, म्हणजे तीन मीटरसुद्धा नाही, त्यामुळे तो आकडा खोल्यांना लागूही पडतो. पण हॉल १६ फुटी, म्हणजे पावणेपाच मीटरच्या वर. तो चौदा दिवसांच्या ओळीत गेला. आणि बीम तर खोल्यांचे असोत की हॉलचे, चौदाच्या आत कुठलाच सुटत नाही. 'सगळं खोलून टाकू' यातल्या 'सगळं' या शब्दात चूक आहे.

शिवाय हे दिवस ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटचे आहेत आणि हवा १५ अंशांच्या खाली जाणार नाही असं धरून दिलेले आहेत. तुम्ही पीपीसी वापरता. त्यात फ्लाय अॅश असते, परळीच्या औष्णिक केंद्रातून निघते तीच राख. शेवटी काँक्रीट उत्तम होतं, पण सुरुवातीचे दिवस ते हळू चालतं. आणि पुढचा स्लॅब तुम्ही डिसेंबरात टाकणार. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या तुमच्या भागात तेव्हा पहाटेची थंडी किती असते ते मी सांगायला नको. पीपीसी आणि थंडी असं दोन्ही असताना माझ्या कामांवर मी लहान खोल्यांना १२ दिवस आणि बीमला, हॉलला १८ दिवस धरत आलो. तुमच्या इंजिनिअरांना विचारा, ते यात एखादा दिवस इकडेतिकडे करतील. स्लॅबच्या दिवशी त्याच काँक्रीटचे सहा क्यूब, म्हणजे तपासणीचे ठोकळे, जास्तीचे भरून घ्या आणि ते स्लॅबशेजारीच, स्लॅबसारखंच पाणी मारून ठेवा. बाराव्या दिवशी तिघांची ताकद जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात तपासून आणा, बीम खोलायच्या आधी उरलेल्या तिघांची. तो कागद हातात असला की भाऊ, मिस्त्री आणि तुम्ही यांच्यात कोणाचं खरं यावर वाद घालायची वेळ येत नाही.

पाणी मारण्यातही हात आखडता घेऊ नका. पीपीसीला किमान दहा दिवस ओल हवी. टँकरचं पाणी महाग पडतं हे मला माहीत आहे, म्हणून वाफे करताना मातीचा बांध नीट चोपून घ्या आणि वर गोणपाट टाका, तेवढंच पाणी जास्त दिवस टिकतं. काँक्रीट कोरडं पडलं तर मानकातले दिवस आपल्या कामाला लागूच होत नाहीत.

अजून एक खर्च मी तुमच्या वहीत घालणार आहे, काढणार नाही. दुसऱ्या स्लॅबचे जॅक पहिल्या स्लॅबवर उभे राहतील. वसतिगृहाच्या खोलीला डिझाइनमध्ये वापराचं वजन चौरस मीटरला २०० किलो धरतात, फरशीचं आणखी शंभर-सव्वाशे. वरचा ओला स्लॅब मात्र नुसता तीनशे किलोच्या वर जातो आणि प्लेटा, माणसं वेगळीच. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही वरचा स्लॅब टाकता, त्या दिवशी खालच्या स्लॅबवर त्याच्या जन्मभरातलं सगळ्यात मोठं ओझं पडतं. म्हणून खालच्या मजल्यावर, वरच्या जॅकच्या बरोबर खाली, पुन्हा काही जॅक लावायचे. किती आणि कुठे ते इंजिनिअर सांगतील. चाळीस धरले तर १८ दिवसांचे १,४४० रुपये. तिथे काटकसर नको.

तर मग पैसे वाचतील कुठे? दिवसांत. स्लॅबची तारीख आधी ठरवा आणि उलटं मोजत या. सळई कापून, वाकवून, रिंगांसकट साइटवर पडलेली असली पाहिजे. वाळू, खडी, सिमेंट आलेलं असलं पाहिजे. इलेक्ट्रिशियनने कुठल्या खोलीत किती पॉइंट ते नकाशावर आखून दिलेलं असलं पाहिजे आणि त्याचे पाइप, बॉक्स कोठीत हवेत. या सगळ्या गोष्टींवर तुम्ही स्वतः बरोबरची खूण केल्याशिवाय भाड्याचा माल साइटवर उतरवायचाच नाही. गेल्या वेळी आधी माल आणला आणि मग सळईच्या मागे पळालात. क्रम बदलला तर १७ मधले १५ दिवस तुमच्या हातात येतात. पाऊस डिसेंबरात बहुतेक त्रास देणार नाही.

माणसांची गोष्ट मात्र जास्त अवघड आहे. दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणीच्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात, आणि सेंट्रिंगवर प्लेटा चढवणारे हात त्यातलेच असतात. मिस्त्री 'येतील की' म्हणेल, पण कोण येणार ती नावं आताच लिहून घ्या. नाहीतर सगळा माल आलेला आणि चढवायला चार माणसं, म्हणजे पुन्हा तोच शेरा.

असं धरू की माल उतरल्यावर ९ दिवसांत स्लॅब टाकला, त्यानंतर १८ दिवस. एकूण २७ दिवसांचे ४३,२००. खोल्यांचा माल, साधारण तिसरा हिस्सा, सहा दिवस आधी परत गेला तर ३,२०० वाचतात. खालच्या जॅकचे १,४४० वाढतात. झाले साडेएकेचाळीस हजारांच्या आसपास. गेल्या वेळेच्या ६४,००० पेक्षा साडेबावीस हजार कमी, म्हणजे उरलेल्या दोन्ही स्लॅबचे मिळून ४५,००० वाचतात. तुमच्या अंदाजातले ३५,२०० गाठता येणार नाहीत, कारण ते २२ दिवसच मुळात चुकीचे धरले होते. पुढच्या ठेक्याचा दर भरताना हे ध्यानात असू द्या.

माल देणाऱ्याशी बोलायची हीच वेळ आहे. अजून दोन स्लॅब त्याच्याकडूनच घेणार आहोत म्हणावं, २७ दिवसांचा एक ठोक दर दे, वरच्या दिवसांना रोजचं भाडं लाव. बहुतेक जण ऐकतात, कारण त्यांनाही माल कधी परत येणार हे माहीत असणं फायद्याचं असतं. माल उतरताना मोजदाद तुम्ही करा, वाकलेल्या प्लेटा बाजूला काढून फोटो घ्या. पिना, क्लिपा, चिमटे हेही मोजा. परत करताना कापले जातात ते पैसे याच बारक्या वस्तूंचे असतात.

कॉलमच्या फर्म्यांकडे, म्हणजे कॉलम ओतायच्या साच्यांकडे, माझं लक्ष गेलं. तुमच्या बिलात २२ कॉलमचे २२ फर्मे एकदम आणलेले दिसतात. कशाला? कॉलमच्या बाजू दुसऱ्या दिवशी सुटतात, थंडीत पूर्ण २४ तास धरा. सहा फर्मे आणले तर चार फेऱ्यांत २२ कॉलम होतात. मिस्त्री म्हणेल काम लांबतं. लांबतं दोन-तीन दिवस, पण तेव्हा स्लॅबचा माल आलेलाच नसतो, त्यामुळे मीटर फक्त सहा फर्म्यांचं चालू असतं.

हे जमायला फर्मे मात्र एका मापाचे हवेत. नकाशात पहिल्या मजल्यावर तुमचे कॉलम १२ बाय १५ आणि १२ बाय १८ इंच अशा दोन मापांचे आहेत आणि वर गेल्यावर काही आणखी लहान केलेत. डिझाइनरने काँक्रीट वाचवलं, पण ते वाचलेलं काँक्रीट तुम्हाला नव्या फर्म्यात द्यावं लागतं. दहा फुटी कॉलम १५ चा १८ केला तर काँक्रीट वाढतं अडीच घनफूट. त्यासाठी नवा फर्मा, त्याची कापाकापी आणि चुकीचा फर्मा चुकीच्या कॉलमला लावून पुन्हा सोडवण्यातला अर्धा दिवस पत्करणं मला पटत नाही. इंजिनिअरांना विनंती करा: खाली जे माप, तेच वर, बीमच्या मापाचंही तसंच. सळई आणि काँक्रीटचा दर्जा त्यांनी हवा तसा बदलावा. पण हे त्यांनी नकाशावर सही करून द्यायचं, मिस्त्रीने साइटवर परस्पर करायचं नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीत काय झालं ते आपल्या भागाने पाहिलेलं आहे. अंबाजोगाईहून लातूर लांब नाही. कॉलम लहान करण्याची सूचना कोणीही केली तरी ती ऐकायची नाही.

आता खोल्यांच्या मापाकडे येऊ. ११ फूट ४ इंच बाय ९ फूट ८ इंच. प्लेट असते तीन बाय दोन फुटांची. प्लेटा कशाही फिरवा, एका बाजूला चार इंच आणि दुसऱ्या बाजूला आठ इंच उरतातच. प्रत्येक खोलीत त्या फटीत मिस्त्री फळीचा तुकडा बसवतो. तो जाड-पातळ असतो, सांधा राहतो, त्यातून सिमेंटचं पाणी गळतं आणि छताच्या कडेला खडी उघडी पडते. तुमच्या तळमजल्याच्या छताखाली जाऊन बघा, बीमच्या कडेने हात फिरवा, खरखरीत पट्टा लागेल. पुढे तो गिलाव्याने झाकावा लागतो, आणि तो खर्च सेंट्रिंगच्या नावावर कधी चढत नाही. खोली १२ बाय १० ची आखली असती तर हे झालं नसतं. या इमारतीत आता ते होणार नाही, पण पुढचं काम घेताना आर्किटेक्टला पहिल्या दिवशी सांगा की बीमच्या आतलं माप प्लेटांत पुरतं बसेल असं द्या.

या कामासाठी एवढंच करा. बारा मिलिमीटरच्या प्लायमधून त्या पट्ट्या एकदाच नीट सुताराकडून कापून घ्या. प्रत्येकीच्या मागे रंगाने लिहा: 'खो. ३, उत्तर'. सांध्यावर चिकटपट्टी लावा. आणि खोलल्यावर त्या पट्ट्या कोठीत कुलपात ठेवा. हे मुद्दाम सांगतो, कारण साइटवर सुटलेला लाकडाचा प्रत्येक तुकडा संध्याकाळी चुलीखाली जातो. मी कित्येक साइटवर दुपारचा चहा महागड्या प्लायवर उकळलेला पाहिला आहे. त्या बायाबापड्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सरपण दिलेलं नसतं. दोन मोळ्या आणून द्या, प्लायपेक्षा स्वस्त पडतात.

मिस्त्रीच्या फळ्यांबद्दल फार लिहीत नाही. आंब्याच्या फळ्या जिन्याला, टाकीच्या कोपऱ्याला, जिथे प्लेट बसतच नाही तिथे ठीक. पूर्ण स्लॅबला नकोत. पाणी पितात, वाकतात, दुसऱ्या मजल्यापर्यंत निम्म्या राहत नाहीत.

तेल मात्र बदला. तळमजल्याला गाड्यांचं जळकं ऑइल लावलंय, असं तुमच्या खर्चाच्या नोंदीवरून दिसतं. त्याने छत काळं पडतं आणि वर गिलावा धरत नाही. फर्म्याला लावायचं तयार तेल मिळतं, ते पातळ हाताने, फडक्याने, सळई टाकायच्या आधी लावायचं. सळईवर उडालेलं तेल पुसून काढायचं, नाहीतर काँक्रीट सळईला धरत नाही. प्लेट सुटली की त्याच दिवशी खरवडून पुसली तर पाच मिनिटांचं काम असतं. आठवड्याने तीच प्लेट छिन्नीने ठोकावी लागते, वाकते आणि परतीच्या बिलात कापली जाते. खोलताना प्लेटा वरून खाली टाकू देऊ नका, हातोहात उतरवा.

दरवाजे-खिडक्यांवरचे लिंटेल जागेवर ओतताय का? फ्रेमची इमारत आहे, मधल्या भिंतींचे सुटे लिंटेल जमिनीवर ओतून घेता येतात. सपाट कोबा, दोन बाजूला फळ्या, तळाला तेल, आणि एकाच साच्यात रोज दोन-तीन. वरच्या बाजूला ओल्या काँक्रीटवरच खिळ्याने 'वर' असं कोरून ठेवा, कारण सळई खालच्या अंगाला असते आणि उलटा बसवला तर तडकतो. अर्थात, फ्रेम नसलेल्या, भिंतींवर स्लॅब पेलणाऱ्या घराला हे चालत नाही. तिथे लिंटेलची पट्टी घराभोवती अखंडच हवी, भूकंपात तीच घर बांधून धरते. तुमच्या खोल्यांतल्या फडताळांना आरसीसी दाखवलंय तिथे कडप्पा बसवा, सेंट्रिंगच लागत नाही.

पोर्चबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण त्याचे जॅक स्लॅबवर उभे राहणार नाहीत, तुमच्या काळ्या मातीवर राहतील. फार वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात सभागृहाच्या कामावर मी होतो. जूनचा पहिला आठवडा. मुरूम टाकून दबाई करायला दोन दिवस लागतील म्हणून मीच म्हटलं, राहू द्या, प्रत्येक जॅकखाली अर्धी वीट ठेवा. संध्याकाळी स्लॅब संपला आणि रात्री पाऊस आला. सकाळी गेलो तेव्हा मधला गाळा दोन इंच खाली बसला होता. मी वाकून जॅकच्या बुडाशी पाहिलं. विटेचा उंचवटा कुठेच नव्हता. अख्खी अर्धी वीट मातीत गेली होती, तिचा वरचा लाल चौकोन तेवढा जमिनीच्या पातळीत दिसत होता, जॅकची प्लेट त्यावर रुतलेली. तो स्लॅब आम्ही फोडला. वाचवलेले दोन दिवस आणि मुरमाच्या दोन गाड्या यांच्या कितीतरी पट पैसे गेले. कोणी खाली नव्हतं एवढीच देवाची कृपा. तुम्ही पोर्चखाली आधी मुरूम टाका, पाणी मारून चोपा, जमलं तर कोबाच आधी करून घ्या, तो नाहीतरी पुढे करायचाच आहे. कोबा नसेल तर जॅकखाली लांब, जाड फळ्या आडव्या टाका, म्हणजे वजन एका ठिपक्यावर येणार नाही. आणि वरच्या स्लॅबवर मारलेलं पाणी त्या बुडाशी साचणार नाही असा उतार काढा.

खोलायच्या दिवशी इंजिनिअरांना बोलवा. महिन्यातून एकदाच येतात म्हणता, तर ती एक खेप याच दिवसाची ठरवा, स्लॅबच्या दिवशी सगळे असतातच. खोल्यांचे आणि हॉलचे जॅक गाळ्याच्या मध्यापासून सैल करत कडेला जायचं, एकदम कोणताच काढायचा नाही, प्रत्येक थोडा थोडा. पुढे काढलेल्या, बाहेरच्या टोकाला कॉलम नसलेल्या गॅलरीचं उलट: बाहेरच्या टोकापासून भिंतीकडे. आणि गॅलरीचे जॅक सगळ्यात शेवटी, आतला हॉल मोकळा होऊन गेल्यावर.